चालू चर्चभोवती उभं राहिलेलं चर्च: माल्टातलं मोस्टा

 

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "बघा" बरेचसे काढून टाकलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आज एका चर्चबद्दल बोलायचंय. या पॉडकास्टवर आपण एरवी सर्व्हर, डेटाबेस, पूल, धरणं असलं काहीतरी बोलतो, तेव्हा मध्येच चर्च कुठून आलं असं वाटेल. पण शेवटपर्यंत थांबा. हे चर्च मला एका फसलेल्या कामामुळे कळलं, आणि त्यानंतर काम करायची माझी पद्धत बदलली.

आधी जागा सांगतो. भूमध्य समुद्रात, इटलीच्या खाली, माल्टा नावाचा छोटा देश आहे. क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. एवढ्याशा जागेत साडेतीनशेहून जास्त चर्च आहेत. भाषा मोठी गमतीची. मूळ अरबी, लिपी रोमन, आणि शब्द अर्धे इटालियन. लोक कट्टर कॅथलिक, पण देवाला म्हणतात "आल्ला" आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला म्हणतात "रांदान". पहिल्यांदा चर्चमध्ये प्रार्थना ऐकली तेव्हा मी चमकलोच होतो.

मी तिथं दोन वर्षं नोकरीला होतो. राहायला मोस्टा गावाजवळ. बेटाच्या साधारण मध्यावर हे गाव आहे आणि गावाच्या मध्यावर हे चर्च. बसमधून उतरलं की समोर एक प्रचंड गोल घुमट दिसतो. पुढे सहा खांबांचा दर्शनी भाग, दोन बाजूंना दोन घंटाघरं, आणि सगळं मधाच्या रंगाच्या दगडात. पहिले सहा महिने मी रोज त्याच्यासमोरून गेलो आणि एकदाही आत गेलो नाही. आपल्याकडे शनिवारवाड्याशेजारी राहणारा माणूस शनिवारवाडा बघत नाही, तसंच.

आता फसलेल्या कामाबद्दल.

कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आमच्याकडे पैशांच्या हिशोबाची एक जुनी सिस्टीम होती. रात्री दिवसभराचे व्यवहार जुळवायचे आणि सकाळी लोकांचे पैसे त्यांच्या खात्यात पाठवायचे, हे तिचं काम. पंधरा वर्षांचा कोड. ज्यांनी लिहिला ते केव्हाच सोडून गेलेले. आम्ही सगळे तरुण, आम्हाला तो कोड म्हणजे थट्टेचा विषय. आम्ही नवीन सिस्टीम लिहिली, छान, स्वच्छ. आणि ठरवलं की एका शनिवारी रात्री जुनी बंद करायची, डेटा हलवायचा आणि सोमवारी सकाळी नवीन चालू करायची.

रविवारी पहाटे तीनला लक्षात आलं की आकडे जुळत नाहीयेत. जुन्या कोडमध्ये अशा कितीतरी बारीक गोष्टी होत्या ज्या कुठं लिहून ठेवलेल्या नव्हत्या, आणि ज्यांना आम्ही कचरा समजून नव्या कोडमध्ये घेतलंच नव्हतं. सोमवार दुपारपर्यंत सगळं उलटं फिरवून जुनी सिस्टीम परत चालू केली. तोपर्यंत बऱ्याच लोकांचे पैसे अडकले होते. फोन घेणाऱ्या विभागात माझ्या ओळखीची एक मुलगी होती, तिनं त्या दिवशी सकाळपासून फक्त शिव्या ऐकल्या. मला ती एवढंच म्हणाली, "एक माणूस रडत होता. त्याला घरभाडं द्यायचं होतं." नवीन सिस्टीममधला बराचसा भाग मी लिहिलेला होता. त्या वाक्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

संध्याकाळी बसमधून मोस्टाला उतरलो. खोलीवर जायची इच्छा नव्हती, म्हणून पहिल्यांदा त्या चर्चमध्ये शिरलो. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. निळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी नक्षीचा घुमट, आणि मध्ये एकसुद्धा खांब नाही. दाराशी तिकिटं देणारे एक आजोबा होते. मी सहज विचारलं, हे किती वर्षांत बांधलं? ते म्हणाले, "इथं मध्ये जुनं चर्च होतं. ते चालूच होतं. हे त्याच्याभोवती बांधलं."

मी पुन्हा विचारलं, "चालू होतं म्हणजे?"

"चालू होतं म्हणजे चालू होतं."

त्या रात्री मी खोलीवर जाऊन या चर्चबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचत बसलो. ती गोष्ट अशी आहे.

मोस्टाला स्वतःचं पॅरिश, म्हणजे स्वतंत्र धर्मग्राम, 1608 मध्ये मिळालं. त्यानंतर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं एक चर्च बांधलं गेलं. त्या काळचा नावाजलेला माल्टीज वास्तुकार तोम्मासो दिंगली याचं ते काम मानलं जातं. पुढची दोनशे वर्षं ते पुरलं. मग गाव वाढलं, जागा कमी पडायला लागली. फेलिचे कालेया नावाच्या धर्मगुरूनं आपली मालमत्ता नव्या चर्चसाठी ठेवली. 30 मे 1833 रोजी नव्या चर्चचा पायाचा दगड बसला.

आराखडा ज्याचा होता तो माणूस म्हणजे एक वल्ली. जॉर्जो ग्रोन्ये द वासे. फ्रेंच वंशाचा माल्टीज. तरुणपणी फ्रेंच सैन्याबरोबर, म्हणजे नेपोलियनच्या बाजूनं होता. डोक्यात कायम प्राचीन काळ. माल्टा म्हणजे समुद्रात बुडालेल्या अटलांटिसचा उरलेला तुकडा आहे, असं त्यानं आयुष्यभर मांडलं. पुरावा म्हणून पुढे केलेला शिलालेख बनावट निघाला, तरी हा आपल्या मतावर ठाम. अशा माणसाला गावानं चर्च बांधायला सांगितलं आणि त्यानं रोममधलं पॅन्थिऑन समोर ठेवलं. दर्शनी भागात देवळासारखे खांब, मागे पूर्ण गोल इमारत, वर एकच घुमट.

माल्टाचे तेव्हाचे बिशप फ्रान्चेस्को साव्हेरियो कारुआना यांना हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, पॅन्थिऑन हे मूर्तिपूजक रोमनांचं देऊळ, कॅथलिक चर्चसाठी त्याची नक्कल कशाला? चर्च कसं, क्रूसाच्या आकाराचं असावं. आता गंमत बघा, खुद्द रोममधलं ते पॅन्थिऑन सातव्या शतकापासून चर्चच आहे. पण वरिष्ठांचा आक्षेप हा आक्षेप असतो, कारण बरोबर असो वा नसो. तरीही काम पुढे गेलं.

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. गावाला नवीन चर्च जुन्याच जागेवर हवं होतं. मग मधल्या काळात प्रार्थना कुठं करायची? मुलांचे बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी कुठं? सरळ मार्ग म्हणजे जुनं पाडायचं, काही वर्षं कुठंतरी भागवायचं आणि नवीन बांधायचं. आमच्या शनिवार रात्रीसारखंच. मोस्टाच्या लोकांनी तसं केलं नाही. नव्या चर्चचा गोल इतका मोठा आखला की जुनं चर्च त्याच्या पोटात राहील. भिंती जुन्याच्या बाहेरून वर चढल्या आणि घुमट जुन्याच्या डोक्यावर बंद झाला. हे सगळं होईपर्यंत जुनं चर्च वापरात होतं. 1860 मध्ये, नवीन छप्पर डोक्यावर आल्यावर, आतलं जुनं चर्च पाडून बाहेर काढलं.

1833 ते 1860, म्हणजे 27 वर्षं. ज्या मुलाचा बाप्तिस्मा पायाभरणीच्या वर्षी जुन्या चर्चमध्ये झाला, त्याचं लग्नसुद्धा त्याच जुन्या चर्चमध्ये होऊ शकलं असतं. फरक एवढाच की लग्नाच्या दिवशी दारातून बाहेर पडल्यावर त्याला आकाशाऐवजी अर्धवट बांधलेला घुमट दिसला असता.

बांधलं कोणी? गावकऱ्यांनी. रविवारी आणि सणाच्या दिवशी लोक स्वतःहून येऊन दगड वाहायचे. आपल्याकडे त्याला श्रमदान म्हणतात. मुख्य गवंडी होता आन्जेलो गाट. माल्टात आजही अभिमानानं सांगतात की हा घुमट त्यानं खालून परांची न उभारता चढवला.

हे कसं शक्य आहे? कमान आणि घुमट यात एक मोठा फरक आहे. कमानीचा मधला शेवटचा दगड बसेपर्यंत तिला खालून लाकडी आधार लागतो, नाहीतर ती कोसळते. घुमट मात्र बांगड्यांसारखा एकावर एक चढवता येतो. दगडांची एक आडवी बांगडी पूर्ण झाली की तिच्यातले दगड एकमेकांना अडकवून धरतात. आत पडायचं म्हटलं तर प्रत्येक दगडाला शेजारच्याला दाबावं लागतं, आणि शेजारचा त्याच्या शेजारच्याला. त्यामुळे पूर्ण झालेली बांगडी पुढच्या बांगडीचा आधार होते. सांभाळायची असते ती फक्त चालू बांगडी. माल्टात जंगल नाही, लाकूड बाहेरून आणावं लागतं, त्यामुळे हा मार्ग स्वस्तही पडतो. आणि खाली चालू चर्च असताना लाकडांचं रान उभं करायला जागा तरी कुठं होती?

दगडही मदतीला होता. माल्टातला ग्लोबिजेरिना चुनखडक खाणीतून काढला की मऊ असतो, करवतीनं कापता येतो, आणि उघड्यावर राहिला की त्याचा वरचा थर कडक होतो. पण घुमटाची खरी अडचण खाली असते. वरचा भाग दाबला जातो, पण तळाचा भाग बाहेर पसरायला बघतो. पिठाचा उंडा वरून दाबला की कडेनं फाकतो तसं. आणि दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. यावर ग्रोन्येचं उत्तर अगदी साधं आहे, भिंती जाड करा. मोस्टाच्या भिंती सुमारे 9 मीटर जाड आहेत. मुंबईतला वन बीएचके फ्लॅट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा, साधारण तेवढी एक भिंत.

घुमटाचा आतला व्यास सुमारे 37 मीटर. हा आकडा वाचल्यावर मला शाळेची विजापूरची सहल आठवली. आपल्यापैकी अनेकांनी गोल घुमटात एका बाजूला कागद फाडून दुसऱ्या बाजूला त्याचा आवाज ऐकलाय. त्या घुमटाचा आतला व्यास जवळपास तेवढाच, सुमारे 38 मीटर. तो आदिलशहानं राज्याच्या पैशातून बांधवला. मोस्टा तेव्हा एक शेतकरी गाव होतं.

आता या चर्चबद्दल माल्टात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात माल्टा इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि इटली व उत्तर आफ्रिका यांच्या बरोबर मध्ये. त्यामुळे जर्मन आणि इटालियन विमानांनी त्याला झोडपून काढलं. एप्रिल 1942 हा त्यातला सर्वात वाईट महिना. 9 एप्रिलला, ईस्टरनंतरच्या गुरुवारी, दुपारी 4 वाजून 40 मिनिटांनी एक जर्मन बॉम्ब घुमट फोडून चर्चमध्ये पडला. आत त्या वेळी अडीचशे-तीनशे लोक संध्याकाळच्या मिस्साची वाट बघत होते. बॉम्ब फरशीवर आदळला, घरंगळला, आणि फुटला नाही. आतलं कोणीही मेलं नाही. ब्रिटिश सैन्याच्या इंजिनिअर लोकांनी तो निकामी करून समुद्रात टाकला. आज चर्चमध्ये तशाच बॉम्बची प्रतिकृती ठेवलीय.

माल्टीज लोक याला चमत्कार म्हणतात. मी इंजिनिअर आहे, मला माहीत आहे की बॉम्बचे फ्यूज निकामी निघतात. त्या युद्धात न फुटलेले बॉम्ब खूप होते, म्हणूनच तर ते निकामी करणाऱ्या खास तुकड्या होत्या. आणि एक गोष्ट मला त्या प्रतिकृतीसमोर उभं राहिल्यावर सुचली नाही, नंतर वाचताना कळली. त्याच दिवशी, लूआ नावाच्या दुसऱ्या गावात, लोक जीव वाचवायला जिथं लपले होते त्या आसऱ्याच्या जागेवरच बॉम्ब पडला आणि तिथली माणसं गेली. मोस्टाचे लोक वाचले, लूआचे नाही वाचले. याचं उत्तर मी तरी कोणाला देऊ शकत नाही, आणि चमत्कार म्हणणाऱ्या माणसाशी वादही घालणार नाही. त्या तीनशे जणांत आपली आई असती तर आपण काय म्हटलं असतं, एवढाच विचार करावा.

पण बॉम्बच्या गोष्टीत एक भाग निव्वळ बांधकामाचा आहे. घुमटाला भोक पडलं आणि घुमट उभाच राहिला. भोकाच्या कडेचे दगड अजूनही एकमेकांना धरून होते, कारण जोर भोकाला वळसा घालून खाली उतरतो. खुद्द पॅन्थिऑनच्या माथ्याला मुद्दाम ठेवलेलं मोठं गोल भोक आहेच की. सगळा भार एका दगडावर टाकला नाही तर एक दगड गेल्यानं सगळं जात नाही.

पुढे 15 ऑगस्टला मोस्टाची जत्रा असते, सांता मारिया, मरियम मातेच्या स्वर्गारोहणाचा सण. त्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1942 ला, खिळखिळं झालेलं ओहायो नावाचं तेलवाहू जहाज माल्टाच्या बंदरात कसंबसं पोचलं आणि बेट तगलं. म्हणून त्या जहाजांच्या ताफ्याला माल्टात सांता मारियाचा ताफा म्हणतात. मी तिथं असताना 15 ऑगस्टला सकाळी आम्ही भारतीय पोरांनी एका खोलीत झेंड्याला सलाम केला आणि रात्री मोस्टाच्या चौकात फटाके बघितले.

तर परत आमच्या कामाकडे.

सॉफ्टवेअरमध्ये मोस्टासारख्या पद्धतीला नाव आहे, स्ट्रँगलर फिग. मार्टिन फाउलर या नावाजलेल्या लेखकानं 2004 मध्ये ते दिलं. आपल्याकडे ताडाच्या झाडावर पिंपळ उगवतो, हळूहळू त्याला वेढतो आणि एक दिवस आतला ताड नाहीसा होऊन पिंपळ स्वतःच्या पायावर उभा असतो, ते तुम्ही बघितलं असेल. तसंच नवीन सिस्टीम जुनीच्या भोवती वाढवायची. मला ही पद्धत पुस्तकातून माहीत होती. पण खरं सांगतो, मला ती भित्र्या लोकांची पद्धत वाटायची. वेळ जास्त, दोन्ही सांभाळायचा खर्च जास्त, आणि मिरवायला काही नाही.

त्या आठवड्यानंतर मी आमच्या बैठकीत मोस्टाचा फोटो दाखवला. लोक हसले, ते ठीकच आहे. पण मग आम्ही जुना कोड थट्टा न करता वाचायला घेतला. एकेक तुकडा नव्यात बांधला. दोन्हीकडे तोच हिशोब चालवायचा, रोज आकडे ताडून बघायचे, महिनाभर जुळले की मगच तेवढा तुकडा नव्यावर सोपवायचा. म्हणजे एक बांगडी पूर्ण, मगच पुढची. फोन घेणाऱ्या विभागाला यातलं काही कळलंसुद्धा नाही. आम्हाला तेच हवं होतं.

आणि अजून एक. काम संपायच्या आधीच माझा करार संपला आणि मी पुण्याला परत आलो. जुनी सिस्टीम शेवटची बंद झाली त्या दिवशी मी तिथं नव्हतो. ग्रुपवर एक मेसेज आला, त्याखाली चार अंगठे, बस. त्या क्षणी वाईट वाटलं. मग आठवलं, ग्रोन्ये 1862 मध्ये गेला. चर्चचा अधिकृत अभिषेक झाला 15 ऑक्टोबर 1871 ला. बिशप कारुआना तर घुमट पूर्ण व्हायच्या आधी, 1847 मध्येच गेले. रविवारी दगड वाहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी फक्त जुन्याच चर्चमध्ये प्रार्थना केली असेल आणि त्यांचा शेवटचा निरोपही तिथूनच झाला असेल. त्यांच्या डोक्यावर छप्पर कायम होतं, आणि त्यांच्या नातवंडांसाठी दुसरं वर चढत होतं.

माल्टाला कधी गेलात तर शेजारच्या गोझो बेटावर शेउकिया गावही बघा. तिथं 1952 मध्ये पायाभरणी करून, अगदी याच पद्धतीनं, जुन्या चर्चभोवती त्याहून उंच गोल चर्च बांधलं. आणि जुन्याचे कोरीव दगड फेकून न देता बाजूच्या दालनात मांडून ठेवले. मोस्टाला जाल तेव्हा घुमट बघून झाला की एकदा खाली फरशीकडेही बघा. तिथंच जुनं चर्च उभं होतं, 27 वर्षं, चालू.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात चालू देवळाभोवती, शाळेभोवती किंवा दवाखान्याभोवती असं काही बांधलं गेलं असेल तर जरूर कळवा, मला ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.